न घातलेला ब्लाउज

१

टोकावड्याला एसटीच्या थांब्यासमोर, दोन ढाब्यांच्या मधल्या गाळ्यात सावळीचं शिवणाचं दुकान आहे. पाटी नाही, कारण पाटीची गरजच नाही. बसमधून उतरलेल्या बाईला कुणीही सांगतं, ती मशीन खडखडतेय ना, तिथं जा. सकाळी नऊला शटर वर, मशीनला तेलाचे दोन थेंब, एक उदबत्ती, एक चहा, आणि मग दिवेलागणीपर्यंत मान खाली. नवरा गेला तेव्हा लोकांनी हळहळ केली आणि सावळीने मशीन घेतली. त्याला आता बावीस वर्षं झाली.

माप ती वहीत लिहीत नाही. गिऱ्हाइकाने अंगाला नीट बसणारा जुना ब्लाउज आणायचा, सावळी तो उलटा करून कापडावर ठेवणार आणि कात्री चालवणार. त्या उलट्या ब्लाउजातून तिला गावातल्या खबरा सगळ्यांच्या आधी कळतात. कोण पोटुशी आहे, कोण जेवत नाही, कोण आजार लपवतंय. पण बोलत मात्र नाही ती. शिवणारीने तोंड उघडलं तर बायका दुसऱ्या दुकानात जातील, असं तिचं म्हणणं.

तुळशीचं लग्न होऊन चार दिवस झाले होते. वाशिंदहून एक पिशवी आली. सावळीच्या भावाची, चंदरची मुलगी दिशा. एकोणीस वर्षांची, मुरबाडला कॉलेजात. तिचं वाशिंदच्या हर्षितशी दीड वर्ष जमलेलं. पोरगा कंपनीत कामाला, जातीतला, बोलायला गोड. दोन्ही घरं राजी झाली आणि साखरपुडा पंधरा दिवसांवर आला.

त्यांच्यात रीत अशी, की साखरपुड्याचे कपडे मुलाकडचे शिवून आणतात. त्यासाठी मुलीच्या घरून मापाचा ब्लाउज हळदकुंकू लावून पाठवायचा. माप गेलं म्हणजे पोरगी दिली. परत आलेलं माप मुलीकडच्यांनी ठेवून घेतलं म्हणजे लग्न मोडलं, मग दोन्ही घरांनी एकमेकांच्या गावचा रस्ता विसरायचा. आता मापाला पाठवायचा तो अंगावरचा, वापरलेला ब्लाउज. पण आत्या पडली शिवणारीण! भाचीचं जुनेर सासरी जावं हे तिच्या हौसेला पटेना. तिने मुद्दाम नवा कोरा शिवला, मोरपिशी, कोपरापर्यंत बाह्यांचा, आणि दिशाने अंगाला लावायच्या आधीच पाठवून दिला. त्याला जेमतेम तीन आठवडे झाले होते.

आणि आता हर्षितच्या आईने, लहानीबाईंनी, तीन साड्यांसोबत तोच ब्लाउज परत पाठवला होता. निरोप असा, की विहीणबाय, शिलाई तुमीच करा, तुमच्यासारखा हात इकडं कोणाचा नाय.

सावळी खुशीतच पिशवी उघडायला बसली. ब्लाउज बाहेर काढला आणि तिचा हात जागच्या जागी थांबला. मोरपिशी रंग उडून राखेसारखा झाला होता. काखेतलं कापड घामाने कडक झालेलं, पाठीवर इतकं विरलेलं की आरपार बोट दिसावं. चार हुकांतले दोन बदललेले. दहा वर्षं रोज अंगावर घालून, रोज दगडावर धुतल्याशिवाय कापडाची ही दशा होत नाही. आणि शिलाई तिचीच होती. प्रत्येक शिवणीच्या शेवटी ती तीन टाके उलटे मारते, ते तीन टाके जिथल्या तिथे होते.

२

सावळी काही अंगात येणारी, उतारे टाकणारी बाई नव्हे. तिने चष्मा लावला आणि डोकं चालवलं. कुणीतरी घातला असेल. धुलाईच्या पावडरीत बुडवून ठेवला असेल. नाहीतर हा दुसराच असेल, तसल्याच कापडाचा. असं मनाशी म्हणत तिने टेप घेतली.

डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली. दोन वर्षांपूर्वी कबड्डीच्या सामन्यात दिशाचं गळ्याचं हाड मोडलं, तेव्हापासून तिचा डावा खांदा उतरलेला. म्हणजे ब्लाउज तोच. कमरेत दोन्ही बाजूंनी हाताने दाबून दोन इंच कमी केलेला. घालणारी वाळत गेलेली. कोपरापर्यंतच्या बाह्यांना खाली भलत्याच कापडाचा जोड देऊन त्या मनगटापर्यंत नेलेल्या. आणि उजव्या बाहीवर, दंडाच्या जागी, फाटलेलं शिवल्याच्या बारीक खुणा. चार पुढे, एक मागे.

तिने लहानीबाईंना फोन लावला.

"विहीणबाय, हा ब्लाउज कोणी घातलेला का?"

"नाय गो. तुमी दिला तसा कपाटात ठेवला. मी हातबी नाय लावला त्याला."

"पार विरलाय तो."

पलीकडे लांबून मोटरसायकल आल्याचं ऐकू आलं, आणि लहानीबाई एकदम हलक्या आवाजात म्हणाल्या, "ठेवते हां," आणि फोन बंद.

दुपारी दिशा आली ती कानाला फोन लावूनच. "आत्याकडंच आहे रे. नाय खोटं बोलत. हे बघ." तिने फोन समोर धरून दुकान फिरवून दाखवलं. भिंत, कपाट, सावळी, कापडांचा ढीग. मग वाकून टेबलाखालीही दाखवलं. तिकडून हर्षितने तेवढंही मागितलं होतं. हे रोजचंच. सावळी इतके दिवस ते बघून हसायची, कौतुकाने गिऱ्हाइकांना सांगायची. आज तिला हसू आलं नाही.

फोन ठेवून दिशा म्हणाली, "आत्या, साखरपुड्याच्या ब्लाउजला बाह्या लांब कर ना. मनगटापर्यंत."

"तुला? तुला तर बाह्याच नको असतात!"

"त्याला आवडतं."

"कबड्डीला जातेस का गो आता?"

"नाय. हाफ पँट घालून लोकांसमोर कशाला, असं म्हणतो तो."

"आनि रुपा? ती का नाय दिसत तुझ्याबरोबर?"

रुपा म्हणजे वरच्या वाडीतली तिची जिवाभावाची मैत्रीण, एकाच संघातली. दिशाने खांदे उडवले. "तिचा नंबर ब्लॉक केलाय. ती आमच्यात भांडणं लावते." हे तिने पाठ केल्यासारखं म्हटलं.

संध्याकाळी सावळी भावाकडे गेली. चंदर खळ्यावरून येऊन हातपाय धूत होता. त्याने ब्लाउज उलटसुलट केला आणि हसला. "बाय, चिंधी बघून लग्न मोडतं का कोणी? पोरगा दारू पीत नाय, तंबाखू खात नाय. दिवसातून वीस वेळा विचारतो, जेवलीस का, पोचलीस का. एवढी काळजी आपल्यात कोणी केली?"

हेच वाक्य सावळीने स्वतः गावभर सांगितलं होतं. तिने ब्लाउज त्याच्या हातातून काढून घेतला. ती म्हणाली, "उद्या मी घर बघून येते," आणि घरी जाऊन पिशवी भरली.

३

मुरबाड, शहापूर आणि मग वाशिंद. नव्या बिल्डिंगा मागे टाकल्या की जुनं गाव लागतं, तिथं हर्षितचं घर. स्वच्छ, फरशीचं, दारात रांगोळी. भिंतीवर हर्षितच्या वडलांचा फोटो, त्याला प्लास्टिकचा हार. हर्षित कामावर होता. लहानीबाईंनी चहा ठेवला. एकुलता मुलगा, आई एकटी, घरात तिसरं माणूस नाही. खोट काढायला जागाच नव्हती.

पण सावळी बसली आणि तिला एकेक जाणवायला लागलं. टीव्ही चालू होता आणि आवाज बंद होता. लहानीबाई बोलता बोलता मध्येच थांबायच्या. रस्त्याने मोटरसायकल आली की तोंडातला शब्द अर्धाच ठेवून त्या दाराकडे बघत राहायच्या, गाडी पुढे गेली की उरलेला अर्धा बोलायच्या. त्यांना ते कळतही नसावं.

"हर्षित लई जपतो आमच्या दिशाला," सावळीने मुद्दाम खडा टाकला.

"ह्याचे बाबाबी लई काळजीवाले होते," लहानीबाई फोटोकडे न बघता म्हणाल्या, आणि त्यांनी पदर ओढून दोन्ही हात झाकून घेतले.

तेवढ्यात सावळीला आवाज आला. आतल्या खोलीतून. कापडातून दोरा ओढल्याचा. मग टक्, दातांनी दोरा तोडल्याचा. बावीस वर्षं जो आवाज स्वतःच्या तोंडून ऐकला, तो ओळखायला किती वेळ लागतो?

"आत कोण शिवतंय?"

"कोण नाय. मी एकटीच असते."

"मग तुमचं शिवण चाललंय का काय?"

"मला सुई धरता येत नाय, विहीणबाय."

उंदीर असेल, सावळीने मनाला समजावलं. शेजारच्या घरातला आवाज भिंतीतून येत असेल. तिने कप उचलला, धुवायचं निमित्त केलं आणि आत गेली. मोरीच्या अलीकडे खोलीचं दार होतं, अर्धवट लोटलेलं. तिने ते ढकललं.

भर दुपारी आत संध्याकाळ होती. खिडकीच्या काचांना वर्तमानपत्रं चिकटवलेली. जमिनीवर, दाराकडे पाठ करून एक बाई बसली होती. केसांचा इवलासा अंबाडा. अंगात ब्लाउज नव्हता, साडीचा पदरच खांद्यांभोवती गच्च लपेटलेला. सावळीच्या काखेतल्या पिशवीत तो राखाडी ब्लाउज होता, आणि पिशवी एकदम जड वाटायला लागली.

तिने चेहरा पाहिला नाही. पण डोळ्यांना सवय. त्यांनी माप घेतलंच. खांदे चौदा. डावा अर्धा इंच खाली.

बाईने मान वळवली नाही. हातातलं शिवणही थांबवलं नाही. फक्त विचारलं, "किती वाजले? त्याचा यायचा टाइम झाला का?"

आवाज दिशाचाच होता. फक्त त्यातलं सगळं ऊन कुणीतरी काढून घेतलं होतं.

सावळीचं शहाणं डोकं ओरडून सांगत होतं, की पोरगी टोकावड्याला आहे, सकाळीच तिच्या हातचा चहा पिऊन निघालोय आपण. दिशा एकोणीसची आणि ही बाई तिशीला टेकलेली. हे सगळं खरंच होतं. पण एवढं कळूनही सावळी दारातून मागे सरली नाही. भीती वाटत होती, तरी ती म्हणाली, "टाइमाचं काय घेऊन बसलीस? ऊठ. चल गो माझ्यासंगं. तीनची गाडी हाय."

दोरा ओढायचा आवाज थांबला.

बाहेर मोटरसायकल वाजली. "बाहेर या, बाहेर या आधी," लहानीबाई कुजबुजल्या आणि त्यांनी सावळीचं मनगट धरलं. गाडी दारावरून पुढे निघून गेली, दुसऱ्याच कुणाची होती. सावळीने मनगट सोडवलं. खोलीचं दार तिने सताड उघडं टाकलं आणि तशीच ओसरीवर आली.

"माप मी ठेवून घेते, लहानीबाय," ती म्हणाली. विहीणबाय म्हणाली नाही.

आता ही अकांडतांडव करणार, असं तिला वाटलं. लहानीबाईंनी आतल्या उघड्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "ठेवा. परत देऊ नका. आनि तो यायच्या आत निघा."

४

शहापूरहून मुरबाडची बस खचाखच होती. कॉलेजची पोरं, भाजीच्या पाट्या, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया. सावळीला खिडकीची जागा मिळाली. तिच्या शेजारची जागा मात्र रिकामीच राहिली. बाया दांड्याला लोंबकळत उभ्या होत्या, पण त्या जागेकडे बघायच्या आणि जरा सरकून उभ्या राहायच्या, कुणी बसलेलं असावं तशा. सीट ओली असेल म्हणून सावळीने हात लावून पाहिला. कोरडी होती. तिने हात मागे घेतला, पिशवी मांडीवर ठेवली आणि मुरबाड येईपर्यंत समोर बघत बसली.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दोघींना बोलावलं. दिशाला आणि रुपाला.

रुपाला दारात बघून दिशा पांढरी पडली. "हिला कशाला बोलावलंस? त्याला कळलं तर चिडेल."

"चिडू दे की," रुपा स्टुलावर बसत म्हणाली. "वर्षभर तुझ्या शिव्या खाल्ल्यात, आजून खाईन. मी काय कुठं जात नाय."

सावळीने वाशिंदच्या खोलीचं काही सांगितलं नाही. काय सांगणार, आणि कोणत्या तोंडाने? तिने फक्त ब्लाउज टेबलावर ठेवला.

"ई! कुणाचं हे जुनेर?" दिशाने दोन बोटांनी उचलला, उलटा केला, आणि बघता बघता तिच्या कपाळाला आठी पडली. ती डावखुरी आहे. तिचे हाताचे टाके सगळ्या जगाच्या उलट दिशेला कलतात, त्यावरून सावळीने तिला लहानपणी शंभरदा टोकलेलं. बाहीवरचे टाके तसेच कललेले होते.

"आत्या, हे मी शिवलंय," ती म्हणाली. "पण मी कधी शिवलं?"

तिने बाहीवरून बोट फिरवलं. चार पुढे. एक मागे. मग तिने आपल्या कुडत्याची उजवी बाही हळूहळू वर सरकवली. दंडावर चार डाग होते, निळे, कडेला पिवळे पडत चाललेले. पाचवा मागच्या बाजूला, अंगठ्याचा. तिने ब्लाउजची बाही दंडावर धरली. एकेक टाका एकेका डागावर बसला.

रुपाने तोंडावर हात घेतला. आरडाओरडा करावा, चंदरला खळ्यावरून ओढत आणावा, त्या पोराचे हात तोडावेत, एवढं सगळं सावळीच्या ओठांपर्यंत आलं. तिने ते गिळलं. आत्ता आपण ओरडलो तर पोरगी गप्प बसेल आणि पुन्हा बोलायची नाही, एवढं तिला कळत होतं.

"कधी झालं?" तिने विचारलं.

"रविवारी. मी बसमध्ये होते, फोन उचलला नाय." दिशा मान खाली घालूनच बोलत होती. "नंतर लई रडला गो तो. पाया पडला माझ्या. मला वाटलं, लग्न झालं की शांत होईल. आनि सगळेच तर म्हणतात, काळजी करतो म्हणून..."

"सगळ्यांत मी पैली होते. चुकले मी, दिशे. काळजी नाय ती." सावळीने ब्लाउज स्वतःकडे ओढला. "माप मी ठेवून घेतलंय, ते परत जाणार नाय. लोकांचं मी बघते, तुझ्या बापाचंबी बघते. पण त्याला नाय म्हणायचं का नाय, ते तुझं तू ठरव. तू काय पण ठरव, ह्या दुकानाचं दार तुला उघडं हाय."

दिशा रडायला लागली. रुपाने स्टूल सरकवून तिच्याजवळ घेतलं. टेबलावरचा फोन थरथरत होता. तो थांबायचा आणि पुन्हा थरथरायचा. सोळाव्या वेळी दिशाने तो बंद करून टाकला.

६

अकराच्या सुमारास मोटरसायकल येऊन समोर उभी राहिली. तिघींनाही न बघताच कळलं.

हर्षित आत आला नाही. इस्त्रीचा शर्ट, केस नीट विंचरलेले. गाडीवर बसल्या बसल्याच हळू, मऊ आवाजात म्हणाला, "दिशा, दोन मिनिटं बाहेर ये. फोन का बंद आहे? काळजीने जीव गेला माझा."

दिशा उठली. सावळीने टेबलाची कड घट्ट धरली. जाऊ नको म्हणायला तिचे ओठ उघडले होते. पण दिशाने आधी दोन्ही बाह्या वर दुमडल्या, पार खांद्यापर्यंत, आणि मगच ती पायरी उतरली. मागोमाग रुपा आणि तिच्या मागे सावळी.

थांब्यावर माळशेजकडे जाणारी माणसं उभी होती. ढाब्यावर भजी तळत होती. दिशा रस्त्याच्या कडेला, उन्हात, सगळ्यांना दिसेल अशी उभी राहिली.

"बोल. इथंच बोल."

"घरातलं बोलणं रस्त्यावर? आधी बाह्या खाली कर, लोक बघतायत."

"बघू दे. त्यासाठीच वर केल्यात. हे तू केलंस ना? मोठ्यानं सांग."

भज्यांचा झारा कढईतच थांबला. थांब्यावरच्या दोन म्हाताऱ्या पुढे सरकल्या. हर्षित हसला, गाडीवरून उतरला आणि लाडात घ्यावं तसा त्याने तिच्या दंडाकडे हात नेला. दिशा एक पाऊल मागे झाली. "हात लावायचा नाय! लग्न नाय करायचं मला. आज नाय, कधीच नाय." तिचा आवाज पलीकडच्या ढाब्यापर्यंत गेला. रुपा येऊन तिच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. हर्षितचं हसू ओठांवर होतं तसंच राहिलं, डोळे मात्र बदलले. त्याने मूठ आवळली.

आणि दुकानात मशीन सुरू झाली.

खडखड, खडखड. सावकाश, मग जोरात. लांब शिवण घेताना चालवतात तसं.

हर्षितने तिघींच्या डोक्यावरून आत पाहिलं. त्याने दिशाकडे पाहिलं, पुन्हा आत पाहिलं. त्याच्या तोंडावरचं रक्त उतरलं. "ती... ती आत कोण बसलीय?" दोन पावलं तो मागे गेला, गाडीला अडखळला, गाडी पडली, उचलली, आणि दोनदा किक चुकवून तो मुरबाडच्या दिशेने सुटला.

थांब्यावरच्या म्हाताऱ्या त्याच्या नावाने बोटं मोडत होत्या. दिशाने फोन चालू केला आणि चंदरला लावला. "बाबा, खळ्यावरून असेच दुकानावर या. मला सांगायचंय. नाय, फोनवर नाय. समोर बसून सांगायचंय."

फोन खाली आला तरी मशीन चालूच होती. तिघीही रस्त्यावर उभ्या होत्या.

"आत्या," मागे न बघता दिशाने विचारलं, "आत कोण हाय गो?"

सावळीने भाचीचा उघडा दंड, डाग न दुखेल असा, हातात घेतला.

"आपलंच माणूस हाय," ती म्हणाली. "घाई नको करूस. तिचं होऊ दे, मग जाऊ आत."